कुत्रा घ्यायचाय, पण कोणता? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

फोनवर, व्हॉट्सअॅपवर, सकाळी फुटाळा तलावावर फिरताना लोक वर्षभर हेच विचारत असतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकलं. प्रत्येक उत्तर आपल्या जागी पूर्ण आहे. जिथे दुसऱ्या प्रश्नाशी संबंध येतो तिथे नंबर दिलाय, तेच परत लिहीत बसलो नाही.

१. भाऊ, पहिल्यांदाच कुत्रा आणून राहिलो, कोणती जात घेऊ?

फोटो बघायच्या आधी एक विचारा, ही जात माणसानं कोणत्या कामासाठी तयार केली? कारण बहुतेक जुन्या जाती कामासाठी झाल्या, कोणी मेंढ्या राखायला, कोणी पाण्यात पडलेला पक्षी उचलून आणायला, कोणी बिळात घुसायला. ते काम गेलं पण अंगातली खोड राहिली, आणि घरी काही उद्योग नसला की कुत्रा स्वतःच काम शोधते अन् ते बहुतेक सोफ्यात सापडते.

मग घराकडे बघा. सकाळी सहाला कोण नेणार, संध्याकाळी कोण नेणार? पोट्टे म्हणतात आम्ही नेऊ, ते हिशेबात धरू नका, दहावीच्या वर्षी पट्टा तुमच्याच हातात असणार आहे. आणि आपल्याकडे तिसरी गोष्ट म्हणजे ऊन. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी देशी (प्रश्न ११), नाही तर इंडियन स्पिट्झ (प्रश्न ५), नाही तर लॅब म्हणजे लॅब्राडोर (प्रश्न ३), याच क्रमाने.

२. जातीवरून स्वभाव खरंच कळतो का? आमच्या मामाचा जर्मन शेफर्ड गरीब गाय आहे अन् शेजारचा लॅब अंगावर येते.

थोडासा कळतो. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला होता, १८ हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले आणि त्यातल्या दोन हजारांवर कुत्र्यांचा डीएनए तपासला. निघालं असं की एका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला साधारण ९ टक्केच जातीवरून सांगता येतो. माणसाचं ऐकणं, फेकलेली वस्तू आणणं हे जातीशी जरा जास्त जोडलेलं होतं, पण किती लवकर चिडते याचा जातीशी संबंध अगदी कमी होता.

मग खाली जातीनिहाय जे लिहिलंय ते कशाला? कारण बीगल नाक खाली घालून चालणार हे बरंचसं पक्कं असते, तो तुमच्या पाहुण्याला चावणार की नाही हे मात्र पिल्लूपणी काय झालं त्यावर जास्त जाते. तीन आठवड्यांपासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंतचा काळ महत्त्वाचा, तेवढ्यात माणसं, पोरं, ऑटोचा आवाज, कुकरची शिट्टी हे सगळं बघितलेलं पिल्लू पुढे घाबरत नाही. आणि चावणारे बरेच कुत्रे मुळात घाबरलेलेच असतात.

३. सगळे लॅबच घ्या म्हणतात, काऊन?

लॅब माणसात चटकन मिसळते, लहान पोरांचं ओढणं-ताणणं बरंच सहन करते आणि शिकवायला सोपा, म्हणून. मूळ कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरचं. तिथले मच्छीमार जाळं ओढायला, गळातून सुटलेला मासा पकडायला हे कुत्रे वापरायचे, मग १९ व्या शतकात इंग्रज सरदारांनी ते विलायतेला नेऊन शिकार उचलून आणायला तयार केले. १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जाती नोंदणाऱ्या संस्थेने, मान्यता दिली. म्हणूनच तुमची चप्पल तोंडात धरून तो पूर्ण घरभर मिरवते, फाडतही नाही अन् देतही नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते. पहिली दोन वर्षं लॅब म्हणजे घरात वादळ, त्याची शेपटी टीपॉयवरचा चहाचा कप बरोबर उडवते. केस बारा महिने गळतात. आणि भूक! केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ मध्ये असं सापडलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये एका जीनचा तुकडाच गळालेला असते आणि अशा कुत्र्यांना खायची ओढ जास्त असते. म्हणजे तो तुमच्याकडे बघून जी केविलवाणी नजर लावते ती उपासमारीची नाही, आजीला हे समजावून सांगा. आपल्याकडचे लॅब बघितले तर अर्धेअधिक सुटलेले, मग गुडघे-कंबर जाते अन् उन्हाचाही त्रास वाढते.

गोल्डन रिट्रीव्हर पण याच कामाचा. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथच्या इस्टेटीवर १८६८ मध्ये पहिली पिल्लं झाली. स्वभाव लॅबपेक्षा जरा मवाळच म्हणा, पण केस लांब, त्यामुळे पावसाळ्यात गोचीड शोधता शोधता तुमचा रविवार जाणार.

४. घरात चार वर्षांची मुलगी आहे, जर्मन शेफर्ड चालेल का?

चालेल, पण घरात कोणीतरी त्याला रोज वेळ देणारं पाहिजे. १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानित्झ नावाच्या जर्मन घोडदळातल्या अधिकाऱ्याने ही जात घडवायचं काम हातात घेतलं, त्याचा पहिला नोंदलेला कुत्रा होरांड. काम होतं मेंढ्यांचं, पोलीस अन् मिलिटरी नंतर आली. मेंढ्यांच्या भोवती दिवसभर फिरून कळप राखणारं जनावर आहे ते, त्यामुळे बर्थडे पार्टीत पोरं धावायला लागली की हा गोल फिरून त्यांना एका कोपऱ्यात जमा करायला बघते, कधी टाचेला तोंड लावते. चावते म्हणून ओरड होते, बिचारा ड्युटी करत असते. ‘बस’, ‘थांब’ लहानपणीच पक्कं करून घ्या.

घेताना आईबापाच्या खुब्याचे एक्स-रे मागा, हिप डिस्प्लेसिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) या जातीत बराच आहे. पाठ मागे फारच उतरती असलेलं पिल्लू ‘शो क्वालिटी’ म्हणून महाग विकतात, मी तरी घेणार नाही.

५. आमच्याकडचा पॉमेरियन दहा किलोचा झाला, विकणाऱ्याने फसवलं का?

नाही हो, फसवलं असं म्हणता येणार नाही, आपल्याकडे सगळेच त्याला पॉम म्हणतात. तो इंडियन स्पिट्झ. इंग्रजांच्या काळात युरोपातले स्पिट्झ इथे आले आणि पिढ्यान् पिढ्या इथल्याच हवेत वाढत गेले. खरा पॉमेरियन दोन-तीन किलोचा खेळण्यातला जीव असते. बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनिया भागातला तो कुत्रा पूर्वी चांगला मोठा असायचा, राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये इटलीहून एक लहान पॉम आणला आणि नंतर लहान आकाराची फॅशनच पडली.

उलट तुमचा फायदाच झाला समजा. स्पिट्झ काटक, हुशार, भात-पोळीवर वाढलेल्या घरातसुद्धा बारा-चौदा वर्षं टिकलेले मी बघितलेत. फक्त तोंड बंद राहत नाही, गॅसवाला, कुरिअरवाला, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांची वर्दी देते. आणि रांगणाऱ्या बाळाने शेपूट ओढली तर लॅबसारखं सहन करणार नाही. उन्हाळ्यात पूर्ण टक्कल करून आणू नका, रोज ब्रश करून खालचे मऊ केस काढले की पुरते, वरचे केस कातडीला उन्हापासून वाचवतात.

६. पग घ्यावा का? छोटा आहे, शांत आहे, फ्लॅटमध्ये बसते.

नागपुरात नको. हे उत्तर दिलं की लोक नाराज होतात पण नको म्हणजे नको. पग चीनमधला, तिथल्या राजघराण्यात मांडीवर बसायलाच वाढवलेला, १६ व्या शतकाच्या सुमारास डचांनी युरोपात नेला. आपल्याकडे २००३ च्या आसपास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर घरोघरी आला. स्वभाव खरंच गोड, पोरांशी छान, भुंकणं कमी.

अडचण तोंडाची आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करते आणि पगचं नाक-घसा इतकं आखूड की हवा धड आत जात नाही. घोरते ते क्यूट नाही, श्वास अडकते म्हणून आवाज येते. आपला पारा मे मध्ये ४५ च्या वर जाते, तेव्हा संध्याकाळी साडेसातलाही दहा मिनिटं चालून पग जीभ बाजूला टाकून, चारी पाय पसरून फरशीवर पडलेला दिसते. इंग्लिश बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू यांनाही कमीजास्त हेच लागू. आधीच घरी असेल तर गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घ्या, वजन वाढू देऊ नका, आणि प्रश्न ८ नीट वाचा.

७. हस्की घ्यायचा आहे, घरात एसी आहे ना!

एसी आहे, पण लाइट जाते ना? हस्की सैबेरियाच्या पूर्व टोकाच्या चुकची लोकांचा, बर्फावर मैलोनमैल स्लेज ओढायला तयार झालेला, अंगावर केसांचे दोन थर. त्याला धावायला पाहिजे, नुसतं थंड खोलीत कोंडून भागत नाही, आणि मार्च ते जून तुम्ही त्याला धाववणार कुठे अन् कधी? मग तो गाद्या फाडते, रात्री कोल्ह्यासारखा आळवते, गेट उघडं दिसलं की पसार. सेंट बर्नार्ड तर आल्प्समधल्या खिंडीतल्या मठातला, बर्फात अडकलेली माणसं शोधणारा, त्याला मनीषनगरच्या थ्री बीएचकेत आणण्यात कसली हौस ते मला समजत नाही.

८. उन्हाळ्यात कुत्र्याला कसं सांभाळायचं? उन्ह लागलं तर काय करायचं?

सकाळी सातच्या आत आणि रात्री आठ-नऊनंतरच बाहेर. डांबरी रस्त्यावर आपला तळहाताचा मागचा भाग पाच-सात सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. नवतप्यात रात्रीसुद्धा रस्ता गरम असते, तेव्हा मातीवर, गवतावर न्या. घरात कूलरसमोर जागा द्या, पाण्याचं भांडं मातीचं ठेवा, दोन ठिकाणी ठेवा. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला की हवा दमट होते अन् कूलर कामाचा राहत नाही, तेव्हा लोक निर्धास्त होतात आणि नेमके तेव्हाच कुत्रे आजारी पडतात.

उन्ह लागल्याची लक्षणं म्हणजे धाप थांबतच नाही, लाळ घट्ट चिकट होते, हिरड्या लालभडक, चालताना तोल जाते, उलटी. असं दिसलं की आधी थंड करा, मग गाडीत घाला. सावलीत घ्या, नळाचं साधं पाणी पूर्ण अंगावर ओता, पोटाला, मांड्यांच्या आतून, आणि पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उलटंच होते. शुद्धीत असेल तरच पाणी पाजा. जरा बरा वाटला तरी डॉक्टरला दाखवाच, आतून किडनी-लिव्हरला झालेला त्रास दुसऱ्या दिवशी कळते. जवळ कोणी नसेल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना आहे, वेळ आधीच विचारून फोनमध्ये लिहून ठेवा.

पाऊस लागला की गोचीड. कान, पंजाच्या बोटांमधली जागा, शेपटीचं मूळ रोज बघा. ताप, खाणं सोडणं, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर टिक फीव्हर असू शकते, त्याच दिवशी रक्त तपासा.

९. बीगल लहान आहे म्हणून घेतला, आता ऐकतच नाही.

तो ऐकत नाही असं नाही, तो वास घेत असते. बीगल इंग्लंडचा, सशाच्या मागावर टोळीने सोडायचा कुत्रा. शिकारी मागे, कुत्रे पुढे, म्हणजे ‘मालकाकडे बघ’ हे त्याच्या कामात बसतच नव्हतं. गेटजवळ सकाळी कोणी तर्री पोह्याचा कागद टाकलेला असतो, बीगलचं नाक जमिनीला लागते, कान पुढे लोंबतात, शेपटी झेंड्यासारखी उभी, आणि मग तुम्ही त्याचं नाव घ्या की पूर्ण हनुमान चालिसा म्हणा, काही उपयोग नाही. त्याला वास शोधायचेच खेळ द्या, घरात बिस्किटाचे तुकडे लपवा, दमते. एकटा ठेवला तर सूर लावते, टोळीतला आहे ना. पट्टा सोडू नका.

डॅशहुंड पण असाच हट्टी, जर्मनीत बॅजरच्या बिळात घुसायला बनवलेला. त्याची पाठ लांब, सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका, मणक्याची चकती सरकते.

१०. रॉटविलरवर बंदी आहे का? अन् डॉबरमन, पिटबुल?

मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची विक्री आणि ब्रीडिंग थांबवायला सांगितलं होतं, त्यात पिटबुल आणि रॉटविलर होते. एप्रिलमध्ये कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं. नियम बदलत राहतात, घ्यायच्या आधी महानगरपालिकेत विचारून घ्या.

जातीबद्दल बोलायचं तर रॉटविलर जर्मनीतल्या रॉटवाइल गावचा, खाटकांची जनावरं हाकायचा, गाड्या ओढायचा. डॉबरमन आपोल्डा गावच्या कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमान या करवसुली करणाऱ्या माणसाने वसुलीला जाताना सोबतीला म्हणून १९ व्या शतकाच्या शेवटी तयार केला. दोन्ही घरच्यांवर जीव लावणारे, दोन्ही हुशार. पण पन्नास किलोचं जनावर एकदा चुकलं तर स्पिट्झ चुकल्यासारखं नसते, तिथे प्रश्न २ मधले टक्के सांगून भागत नाही. बंगल्याला राखण पाहिजे म्हणून साखळीला बांधून ठेवायला घेत असाल तर घेऊच नका, दिवसभर बांधलेला कुत्रा राखणदार होत नाही, माथेफिरू होते. कान-शेपूट कापून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

११. गावठी कुत्रा घरात राहते का? लोक म्हणतात तो पाळीव होत नाही.

होते आणि मस्त होते. देशी कुत्रा कोणी ठरवून बनवलेला नाही, हजारो वर्षं माणसाच्या वस्तीभोवती राहून जो टिकला तो हा. म्हणून अंग आटोपशीर, केस आखूड, आपलं ऊन झेपते, खानदानी आजार कमी. गोचीड अन् पार्वो (उलट्या-जुलाबाचा जीवघेणा रोग) मात्र त्यालाही होतात, देशी आहे म्हणून लस नको हा शुद्ध गैरसमज.

स्वभाव म्हणाल तर सावध. लॅबसारखा पहिल्याच भेटीत कुशीत येणार नाही, दोन दिवस लांबून बघेल. आपल्या गल्लीची हद्द त्याला पाठ असते, अंधार पडला की जास्त जागा. शिकते पटकन, पण एकच गोष्ट पाचव्यांदा करायला सांगितली तर तुमच्याकडे असं बघते की आपल्यालाच लाज वाटावी. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू आणलं, माणसांत वाढवलं, तर लहान पोरांच्या घरातही छान जमते.

१२. कारवान हाउंड नागपुरात फ्लॅटमध्ये ठेवता येते का?

हा आपल्या दख्खनचा, महाराष्ट्र-कर्नाटकातला, नजरेने शिकार हेरून धावणारा कुत्रा. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तो नावारूपाला आणला, विलायतेच्या राजाला जोडी भेट दिली होती, त्यावरून मुधोळ हाउंड. २००५ मध्ये पोस्टाचं तिकीटही निघालं. घरात तो आश्चर्य वाटेल इतका शांत, दिवसभर कोपऱ्यात झोपून असते, पण रोज एकदा सुसाट धावायला बंदिस्त मैदान पाहिजे. उघड्यावर सोडला आणि मांजर दिसलं की गेला, तुमची हाक पोचेपर्यंत दोन चौक ओलांडले. बरगड्या दिसतात म्हणून शेजारी ‘खायला देत नाही काय’ विचारतात, दिसायलाच पाहिजेत. हळवा असते, हात उगारला की बिनसला. अनोळखी माणसाने डोक्यावर हात फिरवलेला आवडत नाही. लहान मुलांच्या गजबजलेल्या घराला मी सुचवणार नाही.

१३. पिल्लू किती दिवसांचं घ्यावं? तीस दिवसांचं मिळून राहिलं.

घेऊ नका. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नियम सोडा, आई-भावंडांत राहूनच चावण्याचा जोर आवरायला ते शिकते, लवकर तोडलेलं पिल्लू पुढे हात फोडते. आई बघायला मागा, ब्रीडर आई दाखवत नसेल तर उठून या. केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद वंशावळ सांगते, तब्येत नाही. आठव्या आठवड्याच्या आसपास पार्वो-डिस्टेंपरची लस आणि मग बूस्टर, रेबीजची तीन महिन्यांना. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन जग जरूर दाखवा (कारण प्रश्न २ मध्ये).

१४. आईबाबा सत्तरीचे, दोघंच राहतात, सोबतीला कोणता?

पिल्लू तर मुळीच नको, रात्री तीनदा उठावं लागते. तीन-चार वर्षांची, शांत, नसबंदी झालेली मादी दत्तक घ्या, देशी किंवा स्पिट्झ. पट्ट्याने ओढणारा मोठा कुत्रा म्हणजे आईचं मनगट किंवा खुबा. आणि कुत्र्याला मागच्या दाराने पोळी देऊ नका म्हणून बाबांना आधीच सांगा.

१५. सावजीचं हाड दिलं तर चालते का?

नाही. शिजलेल्या हाडाच्या चिपा होतात, आतडी फाडतात, आणि रश्श्यात कांदा-लसूण, ते कुत्र्याच्या रक्ताला घातक. मनुका, द्राक्षं, चॉकलेट पण नको. बिनमसाल्याचं चिकन, अंडं, भात, दही चालते. संत्र्याची एखादी फोड बी काढून दिली तर काही होत नाही, आपण नागपूरचे आहोत, तेवढं तर होणारच.

१६. सोसायटीवाले कुत्रा ठेवू देत नाहीत, ठराव केलाय.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना आहेत, बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. ते पत्र छापून सेक्रेटरीला द्या, सोबत रेबीजच्या लसीचं कार्ड. पण भाऊ, शी उचलायची पिशवी खिशात ठेवा, अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात. बीगल किंवा हस्की असेल तर आवाजाची तक्रार खरी असू शकते, प्रश्न ७ आणि ९ बघा.

१७. लॅब-जर्मन क्रॉस आहे म्हणून दिलं, मोठं झाल्यावर वेगळंच निघालं. स्वभाव कसा समजायचा?

पिल्लाच्या तोंडावरून बाप ओळखणारे लोक बहुतेक अंदाजच मारतात. क्रॉसमध्ये कोणाचं काय उतरेल ते सांगता येत नाही, लॅबचं पोट अन् शेफर्डचा संशयी स्वभाव असंही निघते. सहा-आठ महिने नोंद ठेवा, कशाला घाबरते, कशामागे धावते, भांड्याजवळ हात नेला तर गुरगुरते का. तुमच्या कुत्र्याबद्दल तीच खरी माहिती.

१८. घरी पाच वर्षांचा स्पिट्झ आहे, दुसरा आणला तर जमेल का?

बऱ्याचदा नर-मादी जोडी लवकर जमते, पण दोघांची नसबंदी आधी. सारख्या वयाच्या दोन माद्यांमध्ये लागलेलं भांडण कधी कधी मिटतच नाही. नवा सरळ घरात आणू नका. दोघांची पहिली भेट बाहेर, दोघांच्याही ओळखीच्या नसलेल्या रस्त्यावर करा, पट्टे ढिले, दोन माणसं, आमनेसामने नाही तर सोबत चालत, मग एकत्रच घरात शिरा. जेवणाची भांडी वेगळ्या खोल्यांत, खेळणी पहिले काही आठवडे कपाटात. आणि पहिल्याला आधी वाढा, आधी पट्टा लावा, आधी हाक मारा. नवा गुरगुरला तर रागावू नका, गुरगुरणं म्हणजे ‘जरा लांब हो’ एवढंच, ते मार देऊन बंद केलं तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.